मागे राहिलेल्यांच्या गोष्टी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'अमेरिकेतल्या जगबुडीच्या कादंबऱ्या' असे उत्तर दिले. ते ऐकून त्यांच्या मुद्रेवर क्षणभर जी छाया पसरली, ती आम्ही अद्याप विसरलो नाही. वसंतातल्या या ज्ञानसत्रात गंभीर विषय मांडावेत अशी आपल्याकडची रीत आहे. आणि आम्ही निवडली ती भडक वेष्टणाची, आगगाडीत वाचावीत आणि बाकावर विसरून यावे अशी पुस्तके. तरीही आम्ही हट्ट सोडला नाही, याचे कारण एवढेच की ही पुस्तके आम्हांला आवडली. ती सदोष आहेत हे आम्हांला कळते, आणि तरी ती आवडतात. या दोन गोष्टी एकाच मनात नांदतात कशा, याचा विचार आपण मिळून करावा, हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम पुस्तकांची ओळख करून देतो. टिम लाहे आणि जेरी जेंकिन्स या दोघा अमेरिकन लेखकांनी 1995 पासून 2007 पर्यंत 'लेफ्ट बिहाइंड' या नावाने सोळा कादंबऱ्या लिहिल्या. नावाचा अर्थ 'मागे राहिलेले'. या मालेच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. पहिल्या भागाचा आरंभ असा आहे. शिकागोहून लंडनकडे एक विमान निघाले आहे. रात्र आहे, खाली अटलांटिक महासागर आहे. रेफर्ड स्टील नावाचा वैमानिक घरी झोपलेल्या बायकोचा विचार करण्याऐवजी विमानातल्या एका तरुण सेविकेचा विचार करतो आहे. इतक्यात तीच सेविका धावत येते आणि सांगते की उतारूंपैकी कितीतरी माणसे नाहीशी झाली आहेत. आसनांवर त्यांचे कपडे तेवढे उरले आहेत. विमान परत फिरते. खाली रस्त्यांवर चालक नसलेल्या मोटारी एकमेकींवर आदळून पडलेल्या आहेत. रेफर्ड कसाबसा घरी पोचतो. अंथरुणात बायकोचा रात्रीचा पोशाख आहे, बायको नाही. धाकटा मुलगाही नाही. ज्या भाबड्या देवभक्तीचा त्याला कंटाळा येई, ती खरी ठरली होती.

यामागची समजूत थोडक्यात अशी. नव्या करारातल्या शेवटच्या ग्रंथाला, म्हणजे 'प्रकटीकरणा'ला, आणि इतर काही वचनांना जोडून असे मानतात की युगान्तापूर्वी खरे श्रद्धावंत अकस्मात वर उचलून घेतले जातील. मागे राहिलेल्यांवर सात वर्षे मोठे संकट येईल. त्या काळात ख्रिस्तविरोधी जगावर राज्य करील, आणि शेवटी ख्रिस्त परत येऊन सहस्र वर्षांचे राज्य स्थापील. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर आपल्यात बसलेल्या ख्रिस्ती बंधुभगिनींवर अन्याय होईल. ख्रिस्ताच्या पुनरागमनावर ख्रिस्ती धर्माची श्रद्धा आहे. पण संकटाच्या आधी श्रद्धावंतांना गुपचूप उचलून नेण्याचा हा सारा आराखडा सर्व ख्रिस्ती मंडळ्यांना मान्य नाही. तो मुख्यतः 1830 च्या सुमारास जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने मांडला आणि पुढे अमेरिकेत 1909 च्या स्कोफील्ड बायबलातल्या टीपांमुळे घरोघर पोचला. रोमन कॅथलिकांना तो मान्य नाही. प्रॉटेस्टंटांतल्याही पुष्कळांना नाही.

आपल्या नगरचा या प्रकरणाशी संबंध काय, असे कोणी विचारील. जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. आमच्या तोंडी जुन्या सवयीने नगर येते, त्याची क्षमा असावी. अमेरिकन मराठी मिशनची माणसे या गावी 1831 च्या अखेरीस आली. 1842 साली 'ज्ञानोदय' येथूनच निघाला. त्याच सुमारास त्या माणसांच्या मायदेशी, अमेरिकेत, विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी उपदेशक जगाच्या अंताचे गणित मांडत होता. त्याच्या अनुयायांनी शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरवली. हजारो माणसे वाट पाहत बसली. रात्र सरली, उजाडले, आणि सूर्य नेहमीच्या जागी उगवला. त्या सकाळी त्या माणसांनी एकमेकांकडे कसे पाहिले असेल, हे आमच्या मनात पुष्कळदा येते. त्याच दिवसांत इथे नगरात सिंथिया फरार नावाच्या अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवीत होत्या. त्या 1839 साली येथे आल्या आणि 1862 साली येथेच वारल्या. एकाच देशाची, एकच पवित्र ग्रंथ वाचणारी माणसे. काहींनी आकाशाकडे डोळे लावले, तर एकीने पाटी-पेन्सिल हाती घेतली.

आता आम्ही ही पुस्तके कशी वाचली ते सांगतो. आमच्या एका ख्रिस्ती स्नेह्यांच्या घरी, नाताळच्या फराळाला गेलो असता, कपाटात हे खंड दिसले. परदेशी असलेल्या मुलाने ते धाडले होते. आम्ही पहिला खंड सहज मागून आणला आणि दोन रात्री जागून संपवला. प्रकरणाचा शेवट असा की दिवा मालवायला हात धजू नये. लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचताना जी धाकधूक वाटे, तीच या वयात पुन्हा वाटली. दुसरा खंड मागायला गेलो तेव्हा स्नेह्यांच्या मातोश्री ओसरीवर तांदूळ निवडीत बसल्या होत्या. खेड्यात जन्म गेलेल्या, उपासना कधी न चुकवणाऱ्या. त्यांनी गोष्ट काय आहे ते विचारले. आम्ही रंगवून सांगितली. सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "ते खरं हो भाऊ. पण मग त्या दिवशी म्हशीची धार कोणी काढली?"

आम्ही हसलो. पण घरी येताना हसू ओसरले. आणि पुढचे सगळे खंड आम्ही तो प्रश्न मनात धरून वाचले.

या प्रश्नाच्या उजेडात पुस्तकांचे दोष लख्ख दिसतात. पहिला दोष दुःखाचा. या कथेत जगातली यच्चयावत लहान मुले एका क्षणात नाहीशी होतात. पृथ्वीच्या पाठीवर एकही तान्हे मूल उरत नाही. असे झाले तर काय होईल? गावोगाव रिकामे पाळणे, शाळांच्या ओट्यावर बसून राहिलेले मास्तर, रडून रडून आवाज गेलेल्या आया. पण या कादंबऱ्यांतले जग थोड्याच दिवसांत विमानाच्या वेळा, दूरध्वनी आणि राजकारण यांच्या मागे लागते. लेखकांना पुढच्या भविष्याची घाई झालेली असते, आणि त्या घाईत शोक करायचा राहून जातो. वाचकाला वाटते, अरे थांबा, आधी रडू तरी द्या.

दुसरा दोष माणसांचा. पात्रे पुठ्ठ्याची आहेत. नायक शूर, स्त्रिया बहुधा पुरुषांच्या निर्णयाची वाट पाहणाऱ्या, आणि खलनायक दुरून ओळखू यावा असा. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. निकोलाय कार्पेथिया नावाचा एक रुमानियन पुढारी संयुक्त राष्ट्रसंघाचा मुख्य होतो. तो शांततेची आणि निःशस्त्रीकरणाची भाषा बोलतो, आणि तोच ख्रिस्तविरोधी निघतो. म्हणजे या कथेच्या जगात जो कोणी राष्ट्राराष्ट्रांत समेटाची गोष्ट काढील, तो आधी संशयास पात्र. ज्या देशाने बुद्ध आणि गांधी पाहिले, त्या देशातल्या वाचकाला येथे ठेच लागल्यावाचून राहत नाही. आणि चौथा दोष हा की कोट्यवधी माणसे येथे केवळ मरण्यासाठी येतात. भूकंपात, आगीत, रोगात ती पडतात, आणि लेखणी त्यांच्यावरून पुढे निघून जाते. आपला म्हशीचा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

इतके दोष असून आवडले काय, हे आता सांगितले पाहिजे. एक तर अद्भुताचा आस्वाद. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. आपल्या याच जिल्ह्यात, नेवाशाला, खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली. विश्वरूपदर्शनाच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी शांत आणि अद्भुत या दोन रसांच्या भेटीचे कौतुक केले आहे. त्या अध्यायात काळाच्या जबड्यात शिरणारी सैन्ये आहेत, थरकाप आहे. आणि शेवटी भेदरलेला अर्जुन आपल्या सख्याचे ओळखीचे, सौम्य रूप परत मागतो. तेथे अद्भुत हा पाहुणा आहे, घर शांताचे आहे. या अमेरिकन कादंबऱ्यांत पाहुणाच घर बळकावून बसला आहे, हे खरे. पण पाहुणा रंगेल आहे, हेही खरे. चार घटका त्याच्या गप्पा ऐकायला आम्हांला आवडतात.

दुसरे असे की भयाचीही एक ओढ असते, आणि ती अमेरिकनांचीच मिरास नव्हे. 1962 च्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र आले, तेव्हा आपल्या देशात जगबुडीची केवढी हाक उठली होती! अष्टग्रहीच्या त्या दिवसांत ठिकठिकाणी यज्ञ झाले, अखंड भजने झाली. आमच्या घरची वडील मंडळी ती हकीकत पुढे कितीतरी वर्षे सांगत, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत भीतीबरोबर एक चमकही असे. 1979 साली स्कायलॅब कोसळणार म्हणून असेच झाले. 2012 च्या डिसेंबरातही झाले. नेहमीची कामे, नेहमीची देणीघेणी, नेहमीचे रुसवे यांना एक दिवस पूर्णविराम मिळणार, आणि आपण तो पाहायला हजर असणार, या कल्पनेत माणसाला चोरटा आनंद होतो. तो आनंद ही पुस्तके मनसोक्त देतात. तो घेतला म्हणून कोणी वाईट होत नाही.

परंतु आम्हांला सर्वांत आवडले ते तिसरेच, आणि त्याचे नाव मालेच्या मुखपृष्ठावरच छापलेले आहे. ही वर गेलेल्यांची गोष्ट नाही; मागे राहिलेल्यांची आहे. वर गेलेल्यांना गोष्टच उरत नाही. पहिल्या खंडात ब्रूस बार्न्स नावाचा एक सहायक पाळक येतो. आयुष्यभर देवळात काम केले, पण मन कोरडे. म्हणून बायको-मुले गेली आणि हा राहिला. वरिष्ठ पाळकाने आधीच एक चित्रफीत करून ठेवलेली असते: आम्ही गेल्यावर जे राहतील त्यांनी ही पाहावी. रिकाम्या देवळात बसून हा मनुष्य आपली फजिती आल्यागेल्यास उघड सांगतो. त्या पानांवर पुठ्ठ्याचा माणूस हाडामांसाचा होतो. सोळा खंडांतली ही थोडी पाने आम्हांला सोन्यासारखी वाटली.

आणि मग ध्यानात आले की या गोष्टीची गोडी आपल्याला फार जुनी आहे. हरि केशवजींनी 1841 साली जॉन बन्यनच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर केले, ते 'यात्रिक क्रमण'. त्यातल्या यात्रिकाला कळते की आपले नगर आकाशातल्या अग्नीने भस्म होणार. तो कानांत बोटे घालून पळत सुटतो. मागे बायको आणि मुले हाका मारीत राहतात. पहिला भाग 1678 सालचा. त्यानंतर सहा वर्षांनी, 1684 साली, बन्यनने दुसरा भाग लिहिला, आणि त्यात ती मागे राहिलेली बायको मुलांना घेऊन त्याच वाटेने निघते. पळून गेलेल्याची गोष्ट पुरी झाली तरी घरात उरलेल्यांची बाकी होती, ती त्याने अशी फेडली.

आमच्या राहुरी तालुक्यातल्या ताहराबादचे महिपती हे संतचरित्रकार. 'भक्तविजय' 1762 चा आणि 'भक्तलीलामृत' 1774 चे. तुकाराम महाराजांचे चरित्र घरोघर पोचवले ते त्यांच्या ओव्यांनी. महिपतींचे ग्रंथ पुढे इंग्रजीत नेले ते अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेल्या जस्टिन ॲबट यांनी, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा कोणी अक्षरशः घेवो, कोणी रूपक म्हणून घेवो. पण कथेकरी ती सांगतात तेव्हा एक निरोप हटकून सांगतात. महाराज निघताना आवलीला बोलावणे जाते, आणि ती म्हणते, लहान पोरे, पोटात मूल, घरचा कामधंदा, हे टाकून मी कशी येऊ? तुकोबांचा नारायण त्यांच्या पश्चात जन्मला. कीर्तनात विमान आले की माणसे हात जोडतात. आवलीचे उत्तर आले की बायका पदर डोळ्यांना लावतात. त्या ओसरीवरच्या मातोश्रींचा प्रश्न आणि आवलीचे उत्तर एकाच घरचे आहे.

आणि या विषयावरचा मराठीतला सर्वांत थोर ग्रंथ तर आपल्या नगरचाच म्हणावा लागेल. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा जिवंत, पण ताटातूट. काही वर्षांनी त्या पुन्हा टिळकांकडे आल्या, पुढे आपल्या विचाराने त्याच धर्मात गेल्या, आणि नगर-राहुरीकडे त्यांचा संसार झाला. 1919 साली टिळक वारले आणि बाई दुसऱ्यांदा मागे राहिल्या. टिळकांनी अपुरे टाकलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेऊन पुढे नेले, आणि 1934 पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो किती! न सांगता निघून जाणारा नवरा, सोवळे-ओवळे, गाठीचे पैसे, परकी घरे. कोणी एकटे टाकून गेल्यावर चूल कशी पेटवावी, हे त्या पुस्तकात आहे. सोळा खंडांना जे साधले नाही, ते एका बाईने शाळा न शिकता साधले.

तर मग कोणी म्हणेल, 'स्मृतिचित्रे' असताना हे अमेरिकन जंजाळ वाचावेच कशाला? आमचे उत्तर असे की 'स्मृतिचित्रे' आम्ही अनेकदा वाचले होते. पण ते मागे राहिलेल्या माणसाचे पुस्तक आहे हे आम्हांला कळले ते या जंजाळातून जाऊन आल्यावर. सदोष पुस्तकही कधी कधी चांगल्या पुस्तकाकडे जाण्याची वाट दाखवते. आंबट कैरी खाल्ल्याने पाडाच्या आंब्याची चव बिघडत नाही.

मात्र एक पथ्य सांगून ठेवतो, कारण येथे केवळ करमणुकीचा प्रश्न उरत नाही. जगबुडीची गोष्ट वाचणारा प्रत्येक वाचक स्वतःला नकळत विमानात बसवतो. बुडणारे ते दुसरे. तो दुसरा परधर्माचा असतो, परजातीचा असतो, पलीकडच्या आळीचा असतो. त्याच्या घरावर आग पडली की आपण पान उलटतो. ही सवय पुस्तकाबाहेर आली की फार घातक ठरते. मग शेजाऱ्याचे दुःख हे कुठल्यातरी भविष्याची खूण वाटू लागते, आणि खूण म्हटली की मदतीला धावण्याचे कारण उरत नाही. हा दोष एकट्या ख्रिस्ती कादंबऱ्यांचा नाही. कलियुगाच्या गप्पा मारताना आपणही तो करतो.

या जिल्ह्याने खरे अंतकाळ पाहिले आहेत. 1876 ते 78, मग 1899-1900 चा दुष्काळ; आणि 1972 चा तर आपल्यातल्या ज्येष्ठांनी अंगावर काढला आहे. त्या साली आकाशातून कोणी उतरले नाही आणि कोणी वर उचलले गेले नाही. सगळेच मागे राहिले होते. खडी फोडणाऱ्यांच्या रांगेत बागाईतदार आणि भूमिहीन शेजारी शेजारी बसले. सुकडी वाटून खाल्ली. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी नाके मुरडीत का होईना पण खाल्ल्या. ज्यांच्याकडे जनावरे उरली होती, त्यांनी चाऱ्यासाठी कोस कोस पायपीट केली आणि संध्याकाळी, जी काय निघेल ती, धार काढली.

तेव्हा ही पुस्तके मिळाली तर अवश्य वाचा. रात्र जागवा, धडधड अनुभवा, ख्रिस्तविरोध्याला मनसोक्त शिव्या द्या. फक्त वाचताना विमानातली जागा रिकामी ठेवा आणि खाली, रिकाम्या घराच्या उंबऱ्यावर बसा. तेथून गोष्ट अधिक चांगली दिसते, आणि बसायला आवली असते, लक्ष्मीबाई असतात. सोबत वाईट नाही.

दुसरा खंड परत करायला गेलो तेव्हा त्या मातोश्रींनी विचारले, "कळलं का भाऊ, धार कोणी काढली ते?" आम्ही म्हणालो, "पुस्तकात लिहिलेले नाही." त्या म्हणाल्या, "मग शेजारणीनं काढली असंल." आणि पुन्हा तांदळात हात घातला.